'उत्साहाला उधाण' म्हणजे नेमकं काय? आणि मे महिन्यात कोल्हापूरहून समुद्रावर कोणत्या तिथीला जावं?

पेठकर
मंडळी, दोन प्रश्न एकाच धाग्यात टाकतोय, कारण दोन्हींत समुद्र आहे.

पहिला. 'उत्साहाला उधाण', 'चर्चेला उधाण', 'अफवांना उधाण' असं रोज छापून येतं. यातलं उधाण म्हणजे काय? वादळ? मोठी लाट? का 'उधळणे'शी काही नातं? 'खूप वाढणे' हा अर्थ वहीत लिहून झालाय, पण पोरांचा पुढचा प्रश्न आहे की मग 'पूर येणे' आणि 'उधाण येणे' यांत फरक काय.

दुसरा. मे महिन्यात आठ जणांची सहल, चार मोठे आणि चार पोरं. पहाटे निघून रात्री परत. गणपतीपुळे, मालवण की कुणकेश्वर? रविवारच पाहिजे असं नाही.

शब्दवेडी
उधाण म्हणजे वादळ नव्हे आणि लाटही नव्हे. तो भरतीचा प्रकार आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि नेहमीपेक्षा मोठी भरती येते. ती उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला सूर्य-चंद्र काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीला मारक होते, भरती बेताची राहते. ती भांगाची भरती. शाळेच्या भूगोलात हे दोन्ही शब्द असतात, मराठीच्या तासाला त्यांची आठवण होत नाही एवढंच.

'उधळणे'शी अर्थाचं नातं लावू नका. उधळण म्हणजे विखुरणं, उधाण म्हणजे चढणं.

वापराचा नियम असा धरा: ज्याला उधाण येतं ते तिथं आधीपासून असावं लागतं. समुद्रच नसेल तर उधाण कसलं? म्हणून 'नव्या दुकानाला उधाण आलं' हे वाक्य लंगडं आहे, 'दुकानातल्या गर्दीला उधाण आलं' हे चालेल. आनंदाला, उत्साहाला, अफवांना, चर्चेला असा प्रत्यय लागतो. आणि उधाण आलं की ते ओसरतंही, हा अर्थाचा अर्धा भाग आहे. जे चढून तिथंच बसतं त्याला उधाण म्हणू नये. महागाईला उधाण हे शीर्षक म्हणूनच खटकतं. महागाई कधी ओसरली?

मिरजकर_तिकटी
शाहू स्टेडियमवर दोन पेठांची फुटबॉल मॅच असली की उत्साहाला येतं ते उधाणच. शिट्टी वाजल्यावर ओसरतं, पुढच्या मॅचला परत हजर. नियमात बसतंय की नाही बघा.

शब्दवेडी
अगदी बसतंय. ठरलेल्या वेळी येणं हेच तर उधाणाचं लक्षण.

सुकती
भाषेचं बरोबर आहे, पण किनाऱ्यावरचा माणूस एक गोष्ट आधी सांगेल, जी वाक्प्रचारात हरवली आहे. उधाणाला पाणी जास्तीत जास्त चढतं आणि *त्याच दिवशी* जास्तीत जास्त उतरतंही. उधाणाची ओहोटी ही सगळ्यात खोल ओहोटी. खडकावरची कालवं (शिंपल्यातले खाण्याचे जीव) काढायला बायका निघतात ते याच दिवसांत, कारण एरवी पाण्याखाली असणारा खडक तेव्हा उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत पाणी ना फार चढत, ना फार उतरत. (इकडे ओहोटीला सुकतीही म्हणतात.)

पुण्या-मुंबईच्या बातम्यांत 'उधाण' म्हणजे नुसतं संकट असतं. इकडे उधाण म्हणजे तारीख. पंचांगातून आधी काढता येते. त्यामुळे पेठकर, तुमचे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. सहलीची तारीख ठरवायची ती उधाण-भांग बघून.

वेळ काढायचा जुना हिशेब: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, प्रतिपदा १ पासून मोजायचं, पौर्णिमा-अमावस्या १५.

चतुर्थी: ४ ची पाऊणपट ३. भरती ३ वाजता, ओहोटी सव्वानऊला.
अष्टमी: ८ ची पाऊणपट ६. भरती सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या सुमाराला, ओहोटी दुपारी १२ च्या पुढेमागे.
एकादशी: सव्वाआठला भरती, अडीचला ओहोटी.
पौर्णिमा: सव्वाअकराला भरती, साडेपाचला ओहोटी.

दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, म्हणून तीच वेळ पहाटेलाही लावायची.

गणिती_काका
पाऊणपटीचा हिशेब सोयीचा आहे, पण त्यातली चूक कुठं साचते ते माहीत असावं. पंधरा तिथींत भरतीची वेळ १२ तास पुढं सरकते, म्हणजे तिथीमागं ४८ मिनिटं. पाऊणपट धरली की ४५ मिनिटंच धरली जातात. रोजची ३ मिनिटं, पंधरवड्याअखेर ४५ मिनिटं. म्हणूनच या हिशेबात पौर्णिमेची भरती सव्वाअकराला आणि दुसऱ्या दिवशीची प्रतिपदेची एकदम पाऊण वाजता येते, दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही.

दुसरं, हा हिशेब सगळ्या किनाऱ्याला सारखा लागू होत नाही. दक्षिण कोकणात भरती मुंबईच्या आधी येते. मोबाइलवर 'मुंबई' निवडून मालवणची वेळ ठरवली तर पाणी तुमच्या आधी येऊन बसलेलं असेल. प्रतिपदा ते चतुर्थीला मालवणकडे जाणार असाल तर पाऊणपटीतून तासभर वजा करा.

तिसरं, उधाणाचा कळस पौर्णिमेलाच नसतो. एक-दोन दिवस मागाहून येतो. भांगाचंही तसंच, म्हणून अष्टमीपेक्षा नवमी-दशमी जास्त शांत.

थोडक्यात, पाऊणपटीवर तारीख निवडा, पण पाण्यात उतरायची वेळ त्या ठिकाणचा भरतीचा तक्ता बघून ठरवा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी असे तक्ते काढतो.

भडंगप्रेमी
भांगाची भरती म्हटल्यावर वाटलं होळीचा विषय निघाला.

शब्दवेडी
केसांचा भांग, प्यायची भांग आणि समुद्राचा भांग, तीन वेगळे शब्द. गंमत अशी की भाषेनं उधाण उचललं आणि भांग किनाऱ्यावरच सोडला. 'उत्साहाला भांग आला' असं कुणी म्हणत नाही, खरं तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यासाठी उत्तम शब्द होता. कमी होण्यासाठी आपण 'ओहोटी लागली' म्हणतो.

पेठकर
हे भारीच निघालं राव. मग आमच्या एका दिवसाच्या सहलीला कोणती तिथी? साधारण साडेनऊ-दहाला पोचायचं, साडेपाचला निघायचं असं धरलंय.

सुकती
पोरं बरोबर आहेत तर अष्टमी ते दशमी. कारण नीट बघा. दुपारी सव्वाबारा ते पावणेदोनच्या दरम्यान पूर्ण ओहोटी. सकाळी पोचता तेव्हा पाणी उतरत असतं. तेव्हा पाण्यात जायचं नाही, किल्ला, खडक, शिंपले बघायचे. दुपारचं ऊन सावलीत, जेवण. साडेतीनपासून पाणी चढतं असतं, ऊन कललेलं असतं आणि भरती भांगाची, म्हणजे बेताची. हा वेळ पाण्यात खेळायचा.

पौर्णिमेला गेलात तर उलट होतं. अकराच्या सुमाराला पोटभर भरती, वाळू अरुंद, लाटा थेट सुरूच्या बनाच्या पायाशी. आणि दुपारभर, नेमकं तुम्ही खेळणार तेव्हा, पाणी जोरात *बाहेर* जात असतं. उतरत्या पाण्यात माणूस आत ओढला जातो, चढत्या पाण्यात किनाऱ्याकडे ढकलला जातो. नवख्या माणसानं एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

चढतं पाणीही सारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांचे सहा भाग करा. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढं चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. लोक खडकावर अडकतात ते याच वेळात. तासभर बघितलं तर पाणी जागचं हललं नाही असं वाटतं, पाठ फिरवून फोटो काढेपर्यंत मागची वाट बंद. वाळूचा उतार पन्नासाला एक असेल तर एक मीटर पाणी चढलं की पन्नास मीटर किनारा गेला. चपला, डबे, चटया कुठं ठेवायच्या ते यावरून ठरवा. कालच्या भरतीनं आणून टाकलेल्या कचऱ्याची, शेवाळाची रेघ वाळूत दिसते. सामान तिच्या वर.

जागा:

*मालवण-तारकर्ली.* किनारा सपाट, पोरांना बरा. भांगाच्या दिवसांत पाणी कमी ढवळतं म्हणून स्नॉर्केलिंगला दिसतंही चांगलं. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी जेट्टीवरून सुटते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, बघायला दीड-दोन तास धरा आणि ते सकाळीच उरका, दुपारी दगड तापतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या मुखाशी ओहोटीला प्रवाह फार जोरात असतो, नदीचं आणि भरतीचं दोन्ही पाणी एकाच तोंडातून बाहेर पडतं. तिथं पोहायचं नाही.

*कुणकेश्वर.* समुद्रातल्या खडकांवर कोरलेली शिवलिंगं ओहोटीला उघडी पडतात. ती बघायची असतील तर मात्र उधाणाची तिथी, संध्याकाळी पाच-साडेपाच. एका दिवसात परत यायचं तर रात्रीचा घाट पडेल. मुक्काम करणार असाल तरच.

*गणपतीपुळे.* देवळासाठी जा, पोहायला नको. किनाऱ्याचा उतार एकदम आहे, आत ओढणारे प्रवाह तयार होतात आणि बुडण्याच्या घटना तिथं पुन्हा पुन्हा घडतात. पाय भिजवा, वर या. जवळच मालगुंड आणि आरे-वारे, आरे-वारे रस्त्यावरूनच बघण्यात मजा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी होड्या आणि जलक्रीडा बंद होतात. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीही दोन महिने बंद. म्हणजे सहल मेच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसांत बसवा. ताजी मासळीही तेव्हाच.

घाटवाट
रस्ते सांगतो.

मालवण: कोल्हापूर, कळे, गगनबावडा. तिथं रस्ता फुटतो, करूळ घाट किंवा भुईबावडा घाट. करूळनं उतरलं की वैभववाडी, तळेरे, मग मुंबई-गोवा महामार्गानं कणकवली, कसाल, तिथून उजवीकडे मालवण. दीडशे किलोमीटरच्या आसपास, चार तास धरा. करूळ घाट कामासाठी किंवा दरडीमुळं अधूनमधून बंद असतो, आदल्या रात्री चौकशी करूनच निघा. बंद असेल तर राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. झाडी चांगली, पण पहाटे गवे रस्त्यावर येतात, वेग कमी ठेवा.

गणपतीपुळे: बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, निवळीवरून आत जाकादेवीमार्गे.

उतारावर ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक शेवटच्या वळणाला साथ सोडतात. करपट वास आला तर गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबा, चाकावर पाणी मारू नका, डिस्क वाकडी होते. परतीच्या चढाला इंजिन तापायला लागलं तर एसी बंद.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवा, नजर लांबच्या रस्त्यावर. निघताना मिसळ नको. कट आणि आंबा घाटाची वळणं यांचं जमत नाही. कोरडं काहीतरी खा आणि आलेपाकाची वडी तोंडात ठेवा.

पंचगंगाकाठ
पेठकरांच्या 'पूर' आणि 'उधाण' प्रश्नाला कुणी हात लावला नाही. पावसाळ्यात 'पंचगंगेला उधाण' असंही वाचलंय. चालतं का?

शब्दवेडी
नाही चालत. पूर वरून येतो, उधाण समोरून. पुराचं पाणी घाटमाथ्यावरच्या पावसाचं, धरणांच्या दरवाजांतून आलेलं. त्याला तिथी नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी का ठरवावी लागते? कारण तो कधी किती येईल हे पंचांग सांगत नाही. उधाणाची वेळ मिनिटांच्या हिशेबात काढता येते. पूर ओसरताना घरात गाळ ठेवून जातो, उधाण वाळू धुऊन जातं.

आता हाच फरक वाक्यात लावा. 'पत्रांचा पूर', 'आश्वासनांचा पूर': बाहेरून येऊन अंगावर पडणारं, आवरता न येणारं. 'आनंदाला उधाण': आत असलेलंच चढणारं. म्हणून 'निवडणुकीत आश्वासनांचा पूर आला आणि कार्यकर्त्यांच्या उत्साहाला उधाण आलं' या वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी आहेत, अदलाबदल करून बघा, कानाला लगेच कळतं.

तिसरा शब्द 'खवळणे'. समुद्र खवळतो तो वाऱ्यानं. उधाणाला वारा लागत नाही, अगदी निवांत संध्याकाळीही उधाण असतं. रागाला म्हणूनच 'खवळला' म्हणतात, 'उधाणला' नव्हे. 'भरतं येणे' आणखी वेगळं, ते मायेचं. प्रेमाला भरतं येतं, ते रोज दोनदा आलं तरी तक्रार नसते.

लाटेचा_अंदाज
वाऱ्याचा विषय निघालाय तर एक पुरवणी. वारा नाही, भांगाची तिथी आहे, तरीही मोठ्या लाटा येऊ शकतात. दूर दक्षिणेकडच्या महासागरात वादळ झालं की त्याच्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोचतात, आकाश निरभ्र असताना. मे महिन्यात हे होतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या दिवशी तेवढं बघा.

पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून नुसतं बघायचं. पांढऱ्या फेसाळ लाटांच्या मधे एखादा पट्टा सपाट, काळपट, शांत दिसतो. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो, लाट नाही म्हणून. तोच धोक्याचा पट्टा. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी परत जायची ती वाट असते. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे पोहायचा हट्ट करायचा नाही, पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो आणि दमला की बुडतो. किनाऱ्याला समांतर, डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकायचं. पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलं की लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात. सरकता येत नसेल तर पाठीवर तरंगायचं आणि हात वर करायचा.

आपल्याकडची बरीच पोरं विहिरीत पोहायला शिकलेली असतात. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. सूर मारता येतो याचा समुद्रात शून्य उपयोग, उलट सूर मारून मान मोडते कारण खाली वाळूचा उंचवटा असतो. नियम साधा: पोरांना गुडघ्यापर्यंत, मोठ्यांना कंबरेपर्यंत. चार पोरांमागं दोन मोठी माणसं, आणि ती पोरांच्या समुद्राकडच्या बाजूला उभी. किनाऱ्याकडून हाका मारून उपयोग नाही.

उथळ पाण्यात पाय उचलून नव्हे, वाळूत घासत चालावं. वाळूत पाकट (चपटा मासा) बसलेलं असतं, पाय घासत गेला की पळतं, पाय वर पडला की शेपटीचा काटा मारतं. काटा लागला तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठा. जेलीफिश चिकटली तर गोड्या पाण्यानं धुऊ नका, चोळू नका. समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि चिकटलेले धागे एखाद्या कार्डाच्या कडेनं उचला.

भडंगप्रेमी
खाण्याचं कुणी बोलेना. आठ जणांना अर्धा किलो चिरमुऱ्यांचं भडंग पुरतं. पण समुद्राच्या हवेत ते तासाभरात सादळतं, म्हणून करताना काळजी हवी.

चिरमुरे आधी कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं गरम करून कुरकुरीत करून घ्या. १५० मिली शेंगतेल, त्यात २०० ग्रॅम शेंगदाणे तळून बाजूला. त्याच तेलात दोन गड्डे लसूण, सालासकट ठेचलेला, *पूर्ण कडक* होईपर्यंत. इथंच चुकतं. लसूण मऊ राहिला की त्यातला ओलावा रात्रीत चिरमुऱ्यांत उतरतो. कढीपत्ताही तसाच, धुतला असेल तर पुसून कोरडा. मग गॅस बंद, तेल दोन मिनिटं निवू द्या, त्यानंतर हळद आणि तीन चमचे कांदा-लसूण चटणी. कडकडीत तेलात चटणी टाकली की काळी पडते आणि कडू लागते. मीठ, चमचाभर पिठीसाखर, चिरमुरे घालून हलवा. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. आणि एका मोठ्या डब्याऐवजी चार लहान न्या. उघडला तेवढाच सादळतो.

जेवणाला दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची सुकी चटणी, लिंबाचं लोणचं. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दहीभात मेच्या उन्हात दुपारपर्यंत आंबतात, नकोच. मासे तिथं खा, नेलेली शिदोरी सकाळसाठी.

लाटेचा_अंदाज
पाणी माणशी तीन लिटर. कोकणात पारा कोल्हापूरपेक्षा कमी दिसतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही, अंग गार होत नाही, आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. पोरं सुस्तावली तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय.

चप्पललाईन
एक विनंती. कोल्हापुरी घालून वाळूत जाऊ नका. कातडं खारं पाणी पितं, तळ फुगतो, वाळताना कडा वर वळतात आणि पांढरे डाग उठतात. चप्पल गाडीत, पायात रबरी. चुकून भिजलीच तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं मीठ पुसून काढा, आत कागदाचे बोळे भरून *सावलीत* दोन दिवस वाळवा, मग एरंडेल किंवा खोबरेलाचा हलका हात. उन्हात ठेवली की तडकलीच.

घाटवाट
आणि गाडी वाळूत घालू नका. बंदीही असते आणि दंडही होतो, पण खरं कारण वेगळं. ओहोटीला ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट वाटते. गाडी उभी केली की चाकाखालचं पाणी बाजूला सरकून वाळू सैल होते. भरतीचं पहिलं पाणी चाकाला लागलं की ती खचते. घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की चाक आणखी खोल. रुतलीच तर सगळ्यांनी उतरायचं, चारी चाकांतली हवा निम्मी करायची, चाकांच्या मागची वाळू हातानं उकरून उतार करायचा, खाली पायपुसणी घालायची आणि रिव्हर्समध्ये अगदी सावकाश. रस्त्यावर आल्यावर पहिल्या पंपावर हवा भरा. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा, खारं पाणी पत्रा खातं.

मिरजकर_तिकटी
पोरांच्या वाळूच्या किल्ल्याचं पण सांगा कुणीतरी. दर वेळी ढासळतोय.

गणिती_काका
आठ भाग वाळू, एक भाग पाणी. पाणी कमी पडलं तर कण धरत नाहीत, जास्त झालं तर चिखल वाहतो. मुठीत दाबून गोळा केला आणि बोट सोडल्यावर तो न भेगाळता राहिला तर वाळू तयार. बारीक वाळू जाड वाळूपेक्षा जास्त धरते. बादलीत थराथरानं दाबून भरा, उलटी केल्यावर बुडावर थापट्या, मग उचला. आणि कोरीवकाम वरून खाली, नाहीतर वरची वाळू खालच्या बुरुजावर पडते.

नवमीला गेलात तर (तिथीमागं ४८ मिनिटं धरून) दीडच्या ओहोटीनंतर साडेतीनच्या सुमाराला, पाण्यापासून वीस पावलं वर बांधा. मधल्या दोन तासांचं पाणी पाचाच्या आत तटाला लागतं. पोरांना उधाण-भांग तिथंच समजेल, वहीत वेगळं लिहायला नको.

पेठकर
ठरलं. कृष्ण नवमी, मालवण, करूळ उघडा असेल तर करूळनं, नाहीतर फोंड्यानं. पहाटे पाचला निघतो. भडंगाचे चार डबे.

भडंगप्रेमी
पाच करा. एक घाटातच संपतो.